उरलेल्या दोन बाटल्या

“तीन महिने हे कोपर कुठंही टेकायचं नाही,” त्रिशला म्हणाली. “टेकलंत की औषध वाया गेलं म्हणून समजा.”

एवढं बोलून तिनं माझ्या उजव्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला, तो वाळेपर्यंत थांबली आणि बारीक सुई कातडीखाली सरकवली. मला कळलंसुद्धा नाही. माझी बायको कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात सोळा वर्षं नर्स होती आणि तिच्या हाताला गुण होता. तिची ड्यूटी कधी आहे हे विचारून पेशंट इंजेक्शनला यायचे. मी मान डोलावली. बायकोचं ऐकायची मला फारशी सवय नव्हती, पण औषधाचं ऐकायला मी तयार होतो.

याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी बेचाळीसचा होतो आणि हुपरीत चांदीचं काम करत होतो. आजही करतो. आमच्या गावात घरटी कुणी ना कुणी पैंजण घडवतं. माझं काम कड्या जोडायचं. उजव्या हातातल्या चिमट्यात तांदळाच्या कणीएवढी कडी धरायची, डाव्या हातानं ज्योत जवळ आणायची आणि तेवढा वेळ श्वास रोखायचा. चिमटा हलू नये म्हणून उजवं कोपर समोरच्या बुटक्या बाकावर रोवायचं. हे मला बाबगोंडा अण्णांनी शिकवलं. त्यांच्याकडे काम शिकायला बसलो तेव्हा पहिले आठ दिवस त्यांनी मला चांदीला हात लावू दिला नव्हता, नुसतं कोपर रोवून बसवलं होतं. बाकावर कोपराच्या जागी हळूहळू खळगा पडतो. ज्याचा खळगा खोल तो कारागीर मोठा, असं आम्ही मानायचो. अण्णांच्या बाकाच्या खळग्यात लिंबू बसलं असतं.

त्याच खळग्यानं माझी नस दाबली. आधी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं, मग कोपरापासून बोटांपर्यंत आग व्हायला लागली, आणि एक दिवस चिमट्यातून कडी पडली तरी मला पत्ता नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी हातात वीज सोडून नस तपासली. कोपरापाशी नस चेपली आहे म्हणाले. तीन महिने कोपर टेकायचं नाही, झोपताना हात सरळ राहील अशी पट्टी बांधायची, फरक नाही पडला तर ऑपरेशन. नस सावकाश सुधारते, घाई करून चालत नाही, असंही म्हणाले. मला हसूच आलं. कोपर न टेकता कड्या जोडायच्या म्हणजे मांडी न घालता मांडी घालून बसायचं. पट्टी मी दोन दिवस बांधली आणि कपाटावर टाकून दिली.

मग माझ्या ओळखीचा इचलकरंजीचा एक जिमवाला भेटला. त्यानं पेप्टाइडच्या इंजेक्शनाचं सांगितलं. प्रथिनाचाच बारीक तुकडा असतो म्हणे, नस जोडतो, आग थांबवतो, बाहेरच्या देशांत मोठमोठे खेळाडू घेतात. पावडरच्या पाच छोट्या बाटल्यांचा एक डबा त्यानं मला आणून दिला. त्या बाटल्या घेऊन मी घरी आलो तेव्हा मी नवरदेवासारखा खुशीत होतो.

त्रिशलानं एक बाटली उजेडाला धरली आणि तिच्यावरचं बारीक इंग्रजी मला वाचून दाखवलं. फक्त संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही. आत काय आहे ते कुणी तपासलेलं नाही, पावडर जंतुविरहित आहे याची खात्री नाही, किती द्यायची ते कुठल्या डॉक्टरनं लिहून दिलेलं नाही, असं तिनं मला तासभर ऐकवलं. मी म्हणालो, तू देणार नसलीस तर तो जिमवाला देईल, नाहीतर माझं मी टोचून घेईन. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच विषय काढला.

“द्यायचंच असेल तर मी देईन,” ती म्हणाली. “पण माझ्या पद्धतीनं. आणि माझं सगळं ऐकायचं.”

तिची पद्धत म्हणजे एक सोहळाच होता. बाटल्या फ्रिजच्या दारात. आम्ही जैन, त्यामुळे अंड्यांसाठी केलेल्या खाचांत आमच्याकडे लिंबं असायची. लिंबं हलवून तिथं बाटल्या बसल्या. उघडलेल्या बाटलीवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर तारीख. इंजेक्शनचं पाणी पावडरवर धसकन ओतायचं नाही, काचेच्या कडेनं सोडायचं. बाटली खळखळ हलवायची नाही, तळहातात नुसती फिरवायची. दर वेळी नवी सुई, दर वेळी नवी जागा. दर तिसऱ्या दिवशी एक. सुई भरताना मात्र स्वयंपाकघरात तिला कुणी नको असायचं. बोलण्यानं थुंकी उडते म्हणायची. मी बाहेरच्या खोलीत बाही वर करून बसायचो. आणि दोन गोष्टी या औषधाबरोबर सक्तीच्या आहेत असं तिनं बजावलं. कोपर टेकायचं नाही आणि झोपताना पट्टी. त्याशिवाय हे औषध नसेपर्यंत पोचतच नाही.

मी ऐकलं. बाकाच्या वरच्या हुकाला कापडी पट्टा बांधला, त्यात मनगट अडकवलं आणि अधांतरी हातानं काम करायला शिकलो. पहिला महिना निम्म्या कड्या वाया गेल्या. गल्लीतली माणसं खिडकीतून डोकावून विचारायची, सुकुमार, झोका कुणासाठी बांधलास. मी म्हणायचो, औषधासाठी. सहाव्या आठवड्यात आग कमी झाली. नवव्या आठवड्यात करंगळीला चहाच्या कपाचा चटका कळला. मी कप तसाच धरून बसलो होतो आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. त्रिशला समोर होती. तिनं माझी करंगळी आपल्या मुठीत धरली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, त्या अठरा वर्षांत मला ती इतकी आपली वाटली नव्हती.

मग काय, मी बायकोचे गोडवे गायला लागलो. मंदिरात, चहाच्या टपरीवर, जिथं चार माणसं भेटतील तिथं. तिसरी बाटली संपली तेव्हा माझा हात जवळजवळ पूर्वीसारखा झाला होता. दोन बाटल्या उरल्या होत्या.

बाबगोंडा अण्णा तेव्हा साठीला आले होते. त्यांच्या उजव्या हाताचीही तीच गत झाली होती, माझ्याहून वाईट. बारीक घुंगरू बसवायचं काम अख्ख्या गावात त्यांच्यासारखं कुणाला जमत नव्हतं, आणि आता त्यांना स्वतःलाही जमेना. बायको गेली होती, मुलगा पुण्याला. अण्णांचं सगळं जग त्या बाकापाशी होतं. एका शुक्रवारी दुपारी ते माझ्याकडे आले आणि हात पुढे करून बसून राहिले. मागायचा त्यांचा स्वभाव नव्हता, म्हणून मीच म्हणालो, अण्णा, माझ्याकडे दोन बाटल्या आहेत.

त्रिशला ड्यूटीवर होती. तिची वाट बघावी असं मनात आलं, पण ती ओरडली असती, आधी डॉक्टरला दाखवा म्हणाली असती. आणि मला सगळं पाठ होतं. साबणानं हात धुतले. पाणी काचेच्या कडेनं सोडलं. बाटली तळहातात फिरवली. बोळा फिरवून वाळू दिलं. जिमवाला म्हणाला होता, दुखतं त्याच्या जवळ दिलेलं बरं, म्हणून कोपराच्या थोडं वर टोचलं. चिमटा धरणाऱ्या हाताला सुई काय जड आहे? तारखेची चिकटपट्टीसुद्धा मी विसरलो नाही.

अण्णांनी दात आवळले. “लई आग होतीया रं.”

मी म्हणालो, मला तर काहीच होत नव्हतं, तुम्ही आता म्हातारे झालात. ते हसले. कोपर टेकायचं नाही हेही मी सांगितलं, पण ज्या माणसानं मला कोपर रोवायला शिकवलं त्याला ते सांगताना मलाच कसंतरी वाटलं. त्यांनी विचारलं, ते सक्तीचं हाय का? मी म्हणालो, बायकांची पथ्यं असतात, खरं काम औषध करतं.

आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात. त्या दिवशी त्रिशला भाकरी वाढत असताना मी तिला सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. ती भाकरी हातात तशीच धरून उभी राहिली. किती दिलंत म्हणून विचारलं. एकच, मी म्हणालो, पुढचं सोमवारी.

“परत देऊ नका,” ती म्हणाली.

“का? मी घेतलंच की.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, असं मला आजही आठवतं. मग तिनं भाकरी ताटात ठेवली. “प्रत्येकाला चालतंच असं नाही. त्यांचं वय झालंय.”

एवढंच. मी म्हणालो, तुझ्या हातानं दिलेलं नाही म्हणून तुला झोंबलं असेल. ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी जेवत राहिलो.

सोमवारी मी अण्णांना दुसरं इंजेक्शन दिलं. तिला सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. बुधवारी सकाळी अण्णा आले नाहीत म्हणून मी गेलो, तर ते अंथरुणात होते. कोपराच्या वर लाल भडक सूज, हात लावू देईनात, अंगात ताप. मी धावत घरी आलो. त्रिशला तेव्हाच ड्यूटीला निघत होती. तशीच ती माझ्याबरोबर आली, तिनं अण्णांचा हात बघितला आणि रिक्षा बोलवायला सांगितलं.

तिच्याच दवाखान्यात अण्णांना आत घेतलं. पू झाला होता, तो कापून काढायचा होता. तरुण डॉक्टर होता, तो आम्हा दोघांना बाजूला घेऊन विचारायला लागला. काय टोचलं, कुठून आणलं, कसं दिलं. मी एकेक पायरी सांगितली. साबण, बोळा, नवी सुई, फ्रिज. परीक्षेला बसल्यासारखा सांगत होतो.

“तुम्ही सगळं स्वच्छ केलंत,” डॉक्टर म्हणाला. “बाटलीतली पावडर स्वच्छ होती का, हे कुणी बघितलं?”

मी म्हणालो, “डॉक्टर, औषधात दोष असणार नाही. याच डब्यातल्या तीन बाटल्या मी स्वतः घेतल्या आहेत. माझा हात बघा. मला काही झालं नाही, उलट मी बरा झालो.”

डॉक्टर लिहायला लागला. तेवढ्यात शेजारून त्रिशला बोलली. ती माझ्याशी नाही, डॉक्टरशी बोलत होती.

“ते लिहू नका, सर. यांनी ते औषध घेतलेलं नाही. यांना मी सलाइनचं पाणी देत होते.”

डॉक्टरनं मान वर केली. मला वाटलं, ती मला वाचवायला काहीतरी थाप मारते आहे. मी तिच्याकडे बघितलं आणि कळलं की थाप नाही.

पुढचं ती सगळं डॉक्टरला सांगत राहिली, ड्यूटी बदलताना दुसऱ्या नर्सला सांगावं तसं. पावडर पाण्यात विरघळवून बेसिनमध्ये सोडली. बाटली नुसती दाखवायला. सुईत दर वेळी नव्या कुपीतलं सलाइन. पेशंटला विश्रांती घ्यायला लावायची होती, दुसरा उपाय नव्हता. मला ती पेशंट म्हणाली.

डॉक्टर आत गेल्यावर आम्ही बाकड्यावर बसलो. समोरून तिच्या ओळखीच्या नर्सा जात होत्या आणि मला हसून नमस्कार करत होत्या. मी विचारलं, उरलेल्या दोन तू का ठेवल्यास. ती म्हणाली, पाचही रिकाम्या केल्या असत्या तर तुम्हाला कळलं असतं. तुमचा हात पूर्ण बरा झाला की टाकून देणार होते.

“ते राहू दे,” मी म्हणालो. “मला फसवलंस, माझं भलं झालं, तेही राहू दे. शुक्रवारी का नाही सांगितलंस? अण्णांना एकच दिलं होतं तेव्हा.”

ती साडीची किनार बोटांनी दुमडत राहिली. 

“सांगणार होते,” ती म्हणाली. “तोंडाशी आलं होतं. पण गेले तीन महिने तुम्ही माझ्याशी जसं वागत होतात, तसं आधी कधी वागला नव्हता. सांगितलं असतं तर ते संपलं असतं.”

“तेवढ्यासाठी?”

“तेवढ्यासाठी,” ती म्हणाली. “आणि वाटलं, नाही होणार काही. पुष्कळांना होत नाही.”

मला तिच्या कानाखाली मारावीशी वाटली. तसा मी कधी हात उचललेला माणूस नव्हे, पण त्या दिवशी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. तीन महिने मी गावभर जिचं कौतुक करत फिरलो, तिनं मला गावापुढं गाढव केलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, माझ्याच शब्दावर आणि माझ्याच हातानं ते विष माझ्या गुरूच्या दंडात गेलं होतं. तिनं शुक्रवारी एक वाक्य बोलायचं होतं. दहा शब्दांचं नव्हे, चार शब्दांचं.

अण्णा वाचले, हात वाचला नाही. जखम भरली पण आतली चेपलेली नस त्या व्रणात अडकली. दुसरं ऑपरेशन झालं, त्याचाही उपयोग झाला नाही. दोन बोटं तळहाताकडे वळली ती वळलीच. जवळच्या दोघाचौघांनी कापडात गुंडाळून त्यांचा बाक माळ्यावर चढवला. मी त्या दिवशी गावात नव्हतो, मुद्दाम नव्हतो.

घरी आम्ही दोघं बोलत होतो ते भाजी, पाणी, लाइट एवढंच. ती माझं ताट वाढून ठेवायची आणि मी जेवून उठल्यावर जेवायची. सहा महिने असे गेले. तिनं एकदा विचारलं, अण्णांना माहीत आहे का. दवाखान्यात त्या दिवशी ते आत होते, त्यांनी काही ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, मी सांगणार आहे. तुझं नाव घेऊन सांगणार आहे. ती म्हणाली, सांगा.

एका रविवारी मी ठरवून गेलो. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. डाव्या हातानं त्यांनी मला चहा ओतून दिला, थोडा बशीत सांडला. इकडचं तिकडचं झालं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं.

“एकाच डब्यातलं औषध. तुला लागू पडलं, मला का न्हाई रं?”

मी म्हणालो, “अण्णा, त्याच्याबद्दलच सांगायला आलोय.”

“काय सांगतोस?” ते म्हणाले. “तू मनाला लावून घिऊ नगंस. लोक म्हणत्यात सुकुमारनं म्हाताऱ्याचा हात घालवला. मी म्हणतो, त्यानं आधी सोताच्या अंगावर घिऊन बघितलं, मग मला दिलं. सोता न घेता दिलं असतं तर गोष्ट येगळी. तसा तू न्हाईस.”

हे बोलून ते माझ्याकडे बघून हसले. त्या माणसाचं काम गेलं होतं, हात गेला होता, मुलगा महिन्यातून एकदा फोन करत होता. एवढीच एक गोष्ट त्यांनी स्वतःसाठी नीट जुळवून ठेवली होती. मी चहा संपवला. कप खाली ठेवला.

“वयाचा फरक पडतो, अण्णा,” मी म्हणालो.

“व्हय,” ते म्हणाले. “तसंच असंल.”

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. त्रिशला दारातच उभी होती.

“सांगितलंत?”

“नाही.”

आत जाऊन तिनं दोन ताटं वाढली आणि माझ्या शेजारी बसली. मी तिला माफ केलं असं तिला वाटलं असावं. मी उठून जायला हवं होतं, पण कुठल्या तोंडानं जाणार होतो? मी जेवलो.

अण्णा त्यानंतर पाच वर्षं जगले. हाताला मुंग्या येतात म्हणून कुणी त्यांच्याकडे गेलं की ते त्याला माझ्याकडे पाठवायचे. मला न्हाई सोसलं, पर सुकुमारला गुण आला, त्याला जाऊन नाव विचार. माणसं यायची, बाही वर करून हात पुढे धरायची. मी त्यांना कोल्हापूरच्या डॉक्टरांचा पत्ता द्यायचो, कोपर टेकू नका म्हणायचो, आणि त्या औषधाचं नाव मला आठवत नाही म्हणून सांगायचो. त्रिशला आतल्या खोलीतून ऐकत असायची.